कोंबड्यांचे घर आणि शेडवरचा गडी



कार्यवाहांनी माझ्या नावापुढे हा विषय छापला, तेव्हा पुष्कळांना ती छपाईची चूक वाटली. ज्याचा जन्म गिरणीत आणि गिरणीच्या दारातल्या सभांत गेला, त्याने बोनसवर बोलावे, संपावर बोलावे. कोंबड्यांच्या घरावर बोलण्याचा त्याला अधिकार काय? अधिकार तसा काहीच नाही. मी पशुवैद्य नाही, इंजिनिअर नाही. शिक्षण रात्रशाळेतले, तेही अर्धवट. परंतु एका भांडणाचा निवाडा करण्यासाठी मला हा विषय शिकावा लागला, आणि शिकता शिकता असे दिसून आले की रविवारी आपल्या ताटात जे येते ते कोणत्या घरातून येते, हे शहरातल्या माणसाला जवळजवळ काहीच ठाऊक नसते.

भांडण असे होते. आमच्या सूतगिरणीतला एक जुना सभासद, गिरणी बंद पडल्यावर हाती आलेले पैसे आणि वर बँकेचे कर्ज घालून त्याने गावाकडच्या माळावर पाच हजार पक्ष्यांची पोल्ट्री काढली. शेडवर एक जोडपे कामाला ठेवले. मे महिन्यातल्या एका रात्री सहाशेंवर पक्षी मेले. मालकाचे म्हणणे, गड्याने पडदे ओढून ठेवले म्हणून पक्षी गुदमरले. नुकसान त्याच्या पगारातून कापणार. गड्याचे म्हणणे, पाऊस आला तर पडदे ओढ, असे तुम्हीच सांगितले होते. मालक माझ्याकडे येऊन म्हणाला, "कॉम्रेड, तुम्हीच सांगा कोणाची चूक." ज्या माणसाने पंधरा वर्षे माझ्या शेजारी बसून पगारकपातीविरुद्ध घोषणा दिल्या, तोच आता कपात मंजूर करून मागत होता. मी आठ दिवसांची मुदत घेतली, मिळतील ती पुस्तके वाचली आणि टेप घेऊन त्या शेडवर गेलो.

निवाडा पुढे सांगतो. आधी घर समजावून घेऊ.

आपल्या आजीची कोंबडी रात्री डालग्याखाली आणि दिवसा उकिरड्यावर असे. ऊन लागले तर ती आपण होऊन कुडाच्या सावलीला जाई, पाऊस आला तर गोठ्यात शिरे. तिचे घर असे काही नव्हतेच. मांसासाठी म्हणून शेकड्यांनी कोंबड्या एका छपराखाली वाढवण्याचा उद्योग अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात नावारूपाला आला, आणि तोही एका चुकीतून. १९२३ साली ओशन व्ह्यू या गावच्या सेसिल स्टील नावाच्या बाईने अंड्यांसाठी ५० पिले मागवली होती. उबवणी केंद्राने ५०० पाठवली. बाईने ती परत न करता छोटे घर बांधून वाढवली आणि पौंडाला ६२ सेंट या भावाने विकली. १९२६ साली तिच्याकडे दहा हजार पक्ष्यांची जागा होती. सोळा फूट लांब नि सोळा फूट रुंद असे तिच्या सुरुवातीच्या काळातले एक घर अजून जपून ठेवले आहे. त्या काळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात स्टीलबाईंच्या मुलांशेजारी आइक लाँग नावाचा माणूस उभा आहे. तो पक्ष्यांची राखण करणारा नोकर. म्हणजे धंदा पुरते रांगायला लागला नव्हता, तेव्हापासूनच त्यात एक मालक होता आणि एक गडी होता.

आताचा ब्रॉयलर हा वेगळाच प्राणी आहे. एका दिवसाचे पिलू चाळीस-बेचाळीस ग्रॅमचे असते. पाच-सहा आठवड्यांत ते दोन किलोंच्या पुढे जाते. म्हणजे वजन पन्नासपट. या वाढीसाठी एक पक्षी साधारण साडेतीन किलो खाद्य खातो आणि खाद्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. सहा लिटर धरा. पाच हजार पक्षी म्हणजे तीस हजार लिटर, दहा हजारी टँकर तीन. यातले पक्ष्याच्या अंगात किती राहते? दोन किलोंच्या पक्ष्यात फार तर दीड लिटर. उरलेले बावीस-तेवीस हजार लिटर पाणी श्वासावाटे आणि विष्ठेवाटे त्याच छपराखाली बाहेर पडते. उष्णतेचेही तसेच. मोठा झालेला एक पक्षी दहा वॅटहून अधिक उष्णता सतत बाहेर टाकतो. पाच हजार पक्षी म्हणजे एक किलोवॅटच्या पन्नासाहून जास्त शेगड्या त्या शेडमध्ये रात्रंदिवस पेटलेल्या आहेत असे समजा, आणि त्या विझवण्याची कळ आपल्या हाती नाही.

तेव्हा कोंबड्यांचे घर ऊनपावसापासून आडोसा म्हणून बांधायचे, ही पहिली समजूत सोडली पाहिजे. आडोसा झाडही देते. हे घर बांधायचे ते पाणी, उष्णता आणि घाण वास बाहेर काढण्यासाठी. शेड म्हणजे एक उपसा करणारे यंत्र आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक शेडमध्ये या यंत्राला मोटर नसते. वारा हीच मोटर.

एवढे ध्यानात धरले म्हणजे शेडची मापे आपोआप उलगडतात. लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन शेडच्या अरुंद टोकांवर पडते, लांब उघड्या बाजूंतून आत शिरत नाही. रुंदी पंचवीस-तीस फुटांपेक्षा जास्त वाढवायची नाही, कारण एका बाजूने शिरलेली झुळूक दुसऱ्या बाजूपर्यंत पोहोचली पाहिजे. लांबी मात्र हवी तेवढी वाढवा. दोन्ही लांब बाजूंना फूट-दीड फूट उंचीची भिंत आणि त्यावर छपरापर्यंत जाळी. कडेची उंची आठ ते दहा फूट, मधली आणखी तीन-चार फूट जास्त. एका पक्ष्याला एक चौरस फूट जागा, उन्हाळ्यात सव्वा. तीस फूट रुंद आणि १७० फूट लांब शेडमध्ये थंडीत पाच हजार पक्षी मावतात, पण मार्चनंतर चार हजारांच्या आसपासच राहावे. हा हिशेब सर्वांना पाठ असतो. पिले आणताना तो विसरायला होते, कारण बँकेचा हप्ता उन्हाळ्यात कमी होत नाही.

छपराचा पत्रा भिंतीच्या बाहेर किती काढायचा, ही गोष्ट किरकोळ वाटते. पुस्तके सांगतात, निदान तीन-चार फूट. त्याने ऊनही अडते आणि पावसाचा सपकाराही. आमच्या सभासदाच्या शेडचा पत्रा मी मोजला. तो दीड फूट बाहेर होता.

मग पडदे. हे पोत्याचे किंवा प्लॅस्टिकच्या कापडाचे असतात. चांगल्या शेडमध्ये पडदा खालच्या कडेला पक्का असतो आणि दोरी ओढली की वर चढतो. म्हणजे पूर्ण बंद केला नाही तर फट राहते ती वरच्या अंगाला. याचे कारण समजले तेव्हा मला मोठा आनंद झाला, कारण ते आमच्या गिरणीच्या हवेसारखेच आहे. थंडीच्या रात्री बाहेरची गार हवा खालून शिरली तर ती सरळ पिलांच्या अंगावर जाते. वरून शिरली तर ती छपराखाली साचलेल्या उबेत मिसळते आणि तापते. हवा दहा अंश सेल्सिअसने तापली की तिची पाणी धरण्याची शक्ती जवळजवळ दुप्पट होते. अशी तहानलेली हवा मग खाली उतरते, तुसातला ओलावा शोषून घेते आणि दुसऱ्या बाजूने निघून जाते. एका फटीने ऊब, हवा आणि कोरडेपणा अशी तीन कामे होतात. ही फट कोळसा वाचवण्यासाठी गच्च बंद केली की तिन्ही कामे बिघडतात. पक्ष्यांच्या पोटात पाणी होते, डोळे येतात, छाती भरते. आणि ज्याने सांगितले म्हणून फट बंद केली, त्यालाच पुढे विचारले जाते की मर का वाढली.

पिलांच्या पहिल्या आठवड्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती कला पाहूनच येते. ब्रूडर म्हणजे विजेची किंवा कोळशाची खुडूक कोंबडी. पहिल्या आठवड्यात तिच्याखाली ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. थर्मामीटर टांगलेला असतो, पण खरा थर्मामीटर पिलेच. शेगडीखाली ढीग करून बसली तर गारठली आहेत, दूर कडेला पळाली तर भाजत आहेत, सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी वारा लागतो आहे, आणि ताटात तांदूळ पसरावेत तशी सारखी पसरली तर निर्धास्त झोपावे. मात्र झोपायचे कुठे, हा प्रश्न आहे. थंडीत कोळशाची शेगडी आणि बंद पडदे अशा शेडमध्ये गडी राखणीला आत झोपतो. कोळशाच्या धुमीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस त्यातून जागा होईलच असे नाही. पिले मरू लागली म्हणजे हवा बिघडली हे कळते, पण तोवर आत झोपलेल्याची शुद्ध हरपलेली असू शकते.

आता तुसाकडे वळू. जमिनीवर दोन-तीन इंच भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले पसरतात. धंद्यात याला लिटर म्हणतात. पक्षी त्यावरच बसतात, त्यावरच घाण करतात. कोंबडीला वेगळी लघवी नसते. विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो तेच तिचे मूत्र, यूरिक आम्ल. तूस कोरडे असेल तर ते तसेच पडून राहते. ओल आणि ऊब मिळाली की जंतू त्याचा अमोनिया करतात. म्हणून तूस मुठीत दाबून पाहायचे. हात उघडल्यावर भुगा विस्कटला तर ठीक, लाडू राहिला तर पाणी जास्त झाले. पाण्याच्या निपलची उंची चुकली, गळती राहिली, पडद्यातून पाऊस आला, की लाडू वळलाच. मग दाताळे घेऊन तूस हलवायचे, चुना टाकायचा. हे काम वाकून करावे लागते.

मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकले आणि डोळ्यांना धारा लागल्या. शेडवरची बाई बसून पाण्याची भांडी धूत होती. मी म्हणालो, "ताई, एवढ्या वासात बसता कशा तुम्ही?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "कसला वास, दादा? मला तर काय येत न्हाय."

ती खोटे बोलत नव्हती. नाकाला अमोनियाची सवय होते आणि मग तो जाणवत नाही. जाणवत नाही म्हणजे तो छातीत जात नाही असे मात्र नाही. कंपनीचा सुपरवायझर दहा मिनिटांसाठी येतो, त्याला वास लागतो, तो वहीत लिहितो, तूस हलवा. जी दिवसभर तिथे आहे तिला लागत नाही. म्हणून अमोनिया नाकाने न ओळखता मापकाने मोजावा असे शास्त्र सांगते. तशी साधी नळी किंवा कागदी पट्टी मिळते. मी पाहिलेल्या शेडमध्ये ती कुठेही नव्हती.

आकडे पाहा. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे पंचवीस भाग झाले की पक्ष्यांची वाढ आणि श्वासनलिका धोक्यात येते, असे पोल्ट्रीची पुस्तके सांगतात. युरोपीय संघाने २००७ साली मांसल कोंबड्यांसाठी निर्देश काढला. त्यात चौरस मीटरला ३३ किलोंपेक्षा दाट पक्षी ठेवणाऱ्यांना ही मर्यादा वीस भागांची घातली आणि ती पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीवर मोजायची असे स्पष्ट लिहिले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामगारासाठी आठ तासांची सरासरी मर्यादा पंचवीस भागांची होती. म्हणजे आकडा माणसाचा आणि कोंबडीचा जवळपास एकच. परंतु पोल्ट्रीची शेड त्या कायद्याच्या दृष्टीने कारखाना नव्हती, आणि किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्याने कोंबड्या पाळणे हे शेतीकामात धरले होते. त्यामुळे शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसासाठी तो आकडा तपासायला कोणी आले नाही. पक्ष्यासाठी तपासणारा निदान सुपरवायझर तरी येतो, कारण वजन घटले की पैसा घटतो.

मला इथे गिरणी आठवते. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून विणकाम खात्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमटपणा ठेवतात. हवेत पाण्याचे तुषार सोडतात. मे महिन्यात त्या हवेत उभे राहून ज्याने माग चालवला आहे त्याला विचारा. आम्ही जेव्हा तक्रार करू तेव्हा उत्तर मिळे, हवा सुताला बरोबर आहे. ते खरेच होते. हवा सुतासाठीच केलेली होती.

असो. आता उन्हाळा आणि ती रात्र.

कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंश सेल्सिअस. तिला घाम येत नाही. बाहेरचा पारा बत्तीस-तेहतिसाच्या वर गेला की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते. धाप म्हणजे तोंडातून पाण्याची वाफ करून अंग निववणे. हवा कोरडी असेल तर वाफ होते. हवा आधीच दमट असेल तर कितीही धापा टाकल्या तरी अंग निवत नाही, उलट धापा टाकण्याच्या श्रमाने ते आणखी तापते. म्हणून उन्हाळ्यात पत्र्याला चुना मारतात, वर उसाचे पाचट टाकून पाणी शिंपडतात, दुपारी खाद्य उचलून ठेवतात, कारण अन्न पचतानाही उष्णता निघते. फॉगरने आत पाण्याचे तुषार उडवतात. पण वारा नसताना फॉगर चालवला तर दमटपणा वाढून उपाय उलटतो. नागपूरला मेमध्ये कूलर म्हणजे अमृत आणि मुंबईला तोच कूलर म्हणजे ओलसर शिक्षा, हे आपण सर्व जाणतो. कोंबडीचेही तेच आहे.

त्या दिवशी काय झाले, हे मी मालकाला विचारले नाही, बाईला विचारले. कारण सकाळी मेलेले पक्षी तिनेच उचलले होते. म्हटले, "ताई, मेलेले पक्षी शेडभर पडले होते का एका जागी?"

"उगवतीच्या अंगाला, दादा. थराला थर. मावळतीकडं चार-दोनच असतील."

हे ऐकले आणि मी बाहेर जाऊन शेडकडे पाहिले. जमिनीचा पट्टा दक्षिणोत्तर अरुंद, म्हणून शेडही दक्षिणोत्तर बांधलेली. लांब बाजू थेट पश्चिमेला. मेच्या दुपारी तीनपासून ऊन जाळीतून आत निम्म्या जमिनीवर येत होते, कारण अडवायला पत्रा फक्त दीड फूट. पक्षी अडतीस दिवसांचे झालेले, भाव पडला म्हणून उचल लांबलेली. ते उन्हातून सरकले आणि पूर्वेच्या अर्ध्या भागात दाटले. एका चौरस फुटाच्या जागेत दोन-दोन पक्षी झाले. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारा पश्चिमेचा, पत्रा आखूड म्हणून सपकारा सरळ तुसावर. गड्याने पडदा पूर्ण ओढला, तसे सांगितलेच होते. तारा पडून वीज गेली. पाऊस थांबून थांबून मध्यरात्रीपर्यंत येत राहिला. बाहेर वारा पडला, हवा ओली झाली, आत अंधार. अंधारात पक्षी हलत नाही, जिथे आहे तिथेच बसतो. पूर्वेच्या बाजूला त्यांच्याच अंगाची उष्णता आणि त्यांच्याच श्वासाची वाफ साचत गेली.

गड्याने पडदा उघडला असता तर? पश्चिमेचे तूस भिजले असते, आठवड्यात अमोनिया आणि हगवण, आणि कपात त्याही वेळी त्याच्याच पगारातून. या शेडमध्ये पडदा उघडणे आणि बंद करणे या दोन्ही गोष्टी चूक होत्या. दोन-अडीच फूट पत्रा वाचवला होता आणि त्याची किंमत शेडवरच्या गड्याने आपल्या हुशारीने भरून काढावी अशी अपेक्षा होती.

मी तसा निवाडा दिला. कपात नाही. मालक बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "कॉम्रेड, माझ्या पगारातनं पण कापलंच की." तेही खरे होते. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. याची जमीन, शेड, वीज आणि कर्ज. याला मिळतो तो किलोवर वाढवण्याचा दर, आणि ठरल्यापेक्षा मर जास्त झाली की दर खाली येतो. गिरणीत आम्ही याला पीसरेट म्हणत असू, फरक इतकाच की गिरणीत माग मालकाचा असे. मालकाला मी अजूनही सभासदच समजतो, ते याच कारणाने.

आता काही ठिकाणी नव्या बंद शेड झाल्या आहेत, त्यांना ईसी शेड म्हणतात. त्यांच्याकडे पाहून आपले प्रश्न सुटले असे वाटते. एका टोकाला ओल्या जाड पुठ्ठ्यासारख्या जाळ्या, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे, बाजू बंद. हिशेब सोपा आहे. शेड चाळीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असेल तर हवेचे दार ३२० चौरस फुटांचे झाले. पक्ष्यावरून मिनिटाला पाचशे फूट वेगाने वारा वाहायला हवा, म्हणजे रमतगमत चालवलेल्या सायकलीचा वेग. तर मिनिटाला एक लाख साठ हजार घनफूट हवा ओढावी लागेल. एक मोठा पंखा वीस हजार ओढतो, म्हणून आठ पंखे. तीनशे फूट लांब शेडमधली सगळी हवा छत्तीस सेकंदांत बदलते. दाटी वाढवता येते, त्याच जागेत दीडपट पक्षी मावतात. ही रचना उत्तम आहे यात शंका नाही, आणि अमोनियाच्या दृष्टीने माणसालाही ती बरी. परंतु वाऱ्याची मोटर जाऊन विजेची आली. उन्हाळ्यात भरलेल्या शेडचे पंखे बंद पडले आणि जनित्र सुरू झाले नाही, तर अर्ध्या तासाच्या आत खेळ आटोपतो. म्हणून जनित्र, आपोआप पडणारे पडदे आणि बॅटरीवर चालणारी घंटा, या तीन गोष्टी तिथे दुसऱ्या कशाहीआधी आल्या पाहिजेत. उघड्या शेडमध्ये चूक व्हायला रात्र लागते.

साफसफाईचे दोन शब्द. सगळे पक्षी एकदम आणायचे, एकदम उचलायचे, मग तूस काढून धुऊन चुना मारून शेड पंधरा दिवस रिकामी ठेवायची, हा नियम मोडणे म्हणजे मागच्या लॉटचा रोग पुढच्याला देणे. दारात जंतुनाशकाचे भांडे ठेवायचे आणि परक्याला आत घ्यायचे नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, त्यानंतर हे भांडे पुष्कळ ठिकाणी आले. भांड्यात पाणी असतेच असे नाही. रिकाम्या शेडला फॉर्मॅलिनची धुरी देतात. हा वायू माणसात कर्करोग करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. शेड बंद करून धुरी द्यायची आणि उघडून वारे खेळल्यावर आत जायचे, असे पुस्तकात आहे. धुरी देणाऱ्याच्या तोंडाला मी आजवर पंचाच पाहिला आहे.

गेल्या वर्षी त्या सभासदाने दुसरी शेड काढायचे ठरवले आणि नकाशा घेऊन माझ्याकडे आला. या वेळी शेजाऱ्याशी बांधाची अदलाबदल करून त्याने लांबी पूर्व-पश्चिम बसवली होती. पत्रा चार फूट बाहेर. दोन शेडमध्ये पन्नास फूट अंतर. खाद्याची खोली, पाण्याची टाकी, मेलेल्या पक्ष्यांचा खड्डा, सगळे मापासह. मी विचारले, "माणसांची खोली?" ती नकाशात नव्हती. पहिल्या वेळीही नव्हती, शेडच्या पूर्वेच्या टोकाला चार पत्रे लावून नंतर केलेली होती. आमच्याकडे वारा वर्षातले बरेच महिने पश्चिमेचा. म्हणजे शेडची सगळी हवा त्या खोलीतून जात होती.

पेन्सिलीने खोली पश्चिमेला काढली, शेडपासून चाळीस फुटांवर, समोरासमोर दोन खिडक्या. विजेची घंटा कुठे बसवायची यावर थोडा वाद झाला. तो म्हणत होता, गड्याच्या खोलीत. शेवटी दोन घंटा घेतल्या. एक तिथे आहे, दुसरी त्याच्या उशाशी.